खामल्याच्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा मांडू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. नाव कुणाचंच घालत नाही. नागपूरच्या खामल्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

तुमच्या दारात आलो तेव्हा घरं बघून बघून आम्ही वैतागलो होतो. एका घरमालकाने माझ्या जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघत "नेपाळी की चिनी?" विचारलं. दुसऱ्याला दोन पुरुष आणि एकच बेडरूम हे काही पचेना. कॉलेजची सहा पोरं एका खोलीत चालतात या शहरात, पण एक पस्तिशीचा, एक पंचविशीचा म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या. तुम्ही फक्त कागद मागितले. त्याने आरसी पुढे केली. निर्वासितांचं ते नोंदणी प्रमाणपत्र तुम्ही चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत आणि म्हणालात, "अर्जुनी मोरगाव? अरे, माझं माहेर तिकडचंच!" मग गोठणगावची तिबेटी वसाहत, नवेगावबांधचा तलाव, तिथले मासे... भाड्याचं बोलणं राहूनच गेलं.

ती नॉर्ग्येलिंग वसाहत 1972 सालची. हा तिथेच जन्मला, वाढला, हिवाळ्यात लुधियान्याचे स्वेटर आणून नागपूरच्या बाजारात विकायला लागला. पण जन्म 1 जुलै 1987 नंतरचा आणि आईवडील दोघंही तिबेटात जन्मलेले, म्हणून भारतीय नागरिक नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, आहे ते आरसीचं नूतनीकरण. हे सगळं पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीच्या वेळी तुम्ही साहेबांना समजावून सांगत होतात, आणि तो मागे उभा राहून हसू दाबत होता. अर्धं चुकीचं सांगितलंत, पण आवाज असा होता की कुणी हरकत घेतली नाही.

माझी गोष्ट तुम्हाला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. कतारला, दोह्यात पगार चांगला होता, पण तिथल्या कायद्यात आमच्यासारख्यांना तुरुंग आहे. फोनमधला त्याचा फोटो रोज कामावर जाताना पुसायचा, रात्री पुन्हा मागवायचा. झोप उडाली, बाटली आली, छातीत धडधड सुरू झाली. सुट्टीवर आलो तो परत गेलोच नाही. इथे 2018 पासून आमचं नातं गुन्हा नाही, हे कागदावर माहीत होतं. अंगात मुरायला वेळ लागला.

मे महिन्यातली ती रात्र आठवते ना? कूलर चालू असूनही मला घाम फुटला होता, हातपाय थरथरत होते. त्याने तुमची कडी वाजवली. दवाखान्यात अर्जावर 'रुग्णाशी नाते' हा रकाना होता आणि तो पेन धरून नुसता बसला होता. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा त्या रकान्यात काय लिहायचं हे आम्ही तरी कुणाला विचारणार? तुम्ही पेन घेतलंत, स्वतःचं नाव लिहिलंत, पुढे 'काकू'. रात्री एकच माणूस थांबेल म्हटल्यावर तुम्ही सरळ सांगितलंत, "मी घरी जाते. हा थांबून राहिला ना इथं." नर्सने त्याला स्टूल दिलं.

आम्ही कोण आहोत, हे तुम्हाला कधीपासून कळलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. पहिल्याच दिवशी, असं तो म्हणतो. मला वाटतं, सांबारवडीचा डबा वर पाठवताना दोन ताटल्या न देता एकच मोठी दिलीत, तेव्हा.

दारू सुटली. पूर्ण श्रेय तुम्हाला देणार नाही, डॉक्टरांचं आणि त्याच्या चिकाटीचंही आहे. पण संध्याकाळी सातला "भाजी निवडून द्या रे" म्हणून खाली बोलावणं हे तुमचं औषध होतं, आणि मेथी एवढी कुणाला लागते, काकू?

अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतो आहे. मागच्या वेळी भाडं वाढवायचं तुम्ही मुद्दाम विसरलात. या वेळी वाढवा. आणि करारावर आधी त्याचं नाव घाला, तो पोलीस ठाण्यात जायला आता घाबरत नाही.

तुमचे,
वरच्या मजल्यावरचे दोघे