तंजावरची तिकिटं काढली आहेत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिनासुद्धा झाला नाही, तेव्हा तिच्या हातात देऊ नका. आणि वाचताना मधलं काही गाळू नका. आत्याची पत्रं तुम्ही आजीला कशी वाचून दाखवायचात, ते मी दाराआडून ऐकलेलं आहे.

तिकिटं काढली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून चेन्नईचं विमान, दोन दिवस माझ्याकडे नुसता आराम, मग दिवसाच्या गाडीने आपण तिघं तंजावरला. सहा-सात तासांचा प्रवास आहे, खिडकीच्या दोन जागा मिळाल्यात. तंजावरला पाच रात्री, एकाच हॉटेलात. परतीचंही काढलं. पैसे भरून झाले आहेत, त्यामुळे आता त्यावर विचार करायचा नाही.

आणि आई, आता तुझ्यासाठी. यावेळी रामेश्वर नाही.

मला माहीत आहे, देव्हाऱ्यातला गंगेच्या पाण्याचा गडू कधीपासूनचा आहे. काशीहून येताना तू तो गाडीत मांडीवर घेऊन बसली होतीस, रात्रभर, वरच्या बर्थवर ठेवायला तयार नव्हतीस. रामेश्वरावर ते पाणी घातल्याशिवाय काशी पुरी होत नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकले. पण तिथली ती बावीस कुंडं डोळ्यांसमोर आण. एकापाठोपाठ एक बादली अंगावर घ्यायची, ओल्या लुगड्याने ओल्या दगडांवरून पुढच्या कुंडाशी जायचं, आणि मागून रांग रेटत असते. एकीकडे तुझा नवा डोळा, दुसरीकडे बाबांचा गुडघा. मी तीन रात्री याच विचारात काढल्या. कुंडं सोडून फक्त दर्शन घेऊ, असंही मनात आलं. पण तू तिथवर जाऊन कुंडं सोडणारी नाहीस, आणि मी तुला सोडायला लावणार नाही. शिवाय तंजावरहून तिथे जायचं म्हणजे गाडीत आणखी पाच तास. बाबांच्या जुन्या यादीत तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी असं सगळं दहा दिवसांत होतं. ती यादी पन्नाशीच्या माणसाने केलेली होती.

हे फोनवर सांगितलं असतं, तर बाबा “बघू” म्हणाले असते. त्या “बघू”ची मला आता भीती वाटते. माझ्या दहावीनंतर जायचं होतं. मग दादाचं कॉलेज आलं, मग आजीचं ते वर्ष. त्यानंतर पैसे बाजूला पडले होते, ते कशात गेले हेही मला ठाऊक आहे, बाबा. मी कधी बोलले नाही एवढंच.

आता कबुली. मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाला त्रिचीला जाते असं सांगितलं होतं. काम एका दिवसाचं होतं. पुढचे दोन दिवस मी तंजावरला होते. तुम्हाला न सांगता, तुमच्या आधी. परत आल्यापासून ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र. मला पायऱ्या बघायच्या होत्या. कुठे चढ आहे, कुठे बसायला सावली आहे, कुठवर गाडी जाते, हे कुणाला विचारून कळत नाही. लोक सरसकट “काही त्रास नाही” म्हणतात.

तर बृहदीश्वराचं देऊळ. राजराज चोळाने बांधलं, १०१० मध्ये पुरं झालं. हे तुम्ही मला सांगावं, मी तुम्हाला नाही. शिखर सुमारे ६६ मीटर उंच आहे, पण माझ्या डोक्यात आकडा नव्हता तेव्हा. दुसऱ्या गोपुरातून आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की बाबांची मान दुखेल. तिथे गाईड सांगतात, शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते. चारनंतर मी तिच्यातच बसले होते आणि तुम्हाला बसवायची जागाही हेरून ठेवली. आवार सपाट आहे, आतून-बाहेरून फिरायला अडचण नाही. गाभाऱ्याकडे जाताना मात्र पायऱ्या उंच आहेत. तिथे सावकाश, माझा हात धरून. गाभारा दुपारी बंद असतो आणि बाराच्या सुमाराला अनवाणी पायांना तो दगड सोसत नाही, म्हणून आपण सकाळी सातला जायचं, साडेनऊला परत. पुन्हा संध्याकाळी. दोन्ही वेळा पायमोजे. बाबा, तुमची साखर लक्षात घेता तळपायाला साधा चटकासुद्धा नको.

शिलालेख मी पाहिला. आवाराच्या नैऋत्येच्या अंगाला, भिंतीवर. १८०३ चा, तंजावरच्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसल्यांचा सगळा वंशेतिहास, मराठीत. चोळांच्या देवळात, तमिळ लेखांनी भरलेल्या दगडांच्या शेजारी, आपलं बाळबोध अक्षर. ओळींमागून ओळी, भिंत संपते आणि मजकूर पुढे चालूच. मी सुरुवातीच्या तीन-चार ओळी वाचल्या आणि थांबले. पुढचं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. लहानपणी जेवणं झाल्यावर तुम्ही मोडीचे कागद पसरून एकेक अक्षर लावायचात आणि मी तुमच्या पाठीवर रेलून बसायचे. तुमच्या पाठीतून आवाज घुमायचा. शब्द कळायचे नाहीत, पण तो आवाज आजही आठवतो. तसं वाचा तिथे. मी छोटी घडीची खुर्ची घेतली आहे, पाहिजे तितका वेळ बसा.

मी तिथे आईशी फोनवर बोलत होते (तेव्हा त्रिचीत आहे म्हणाले, माफ कर), ते ऐकून एक म्हाताऱ्या बाई थांबल्या. तिथल्याच. घरी मराठी बोलतात म्हणाल्या. क्रियापदं आपली, चाल सगळी तमिळ. १६७५ च्या आसपास शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले, १८५५ मध्ये राज्य संपलं, आणि या बाई अजून “जेवलीस का” विचारतात. मला एकदम भरून आलं. आई, तुला भाषेची भीती वाटते ना, तर ही एवढी ओळख तिथे आहे असं समज.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. हजारो हस्तलिखितं आहेत, मराठीही पुष्कळ, मोडी कागद तर गठ्ठेच्या गठ्ठे. सगळं आपल्याला दाखवणार नाहीत, संग्रहालयाच्या दालनात जे मांडलंय तेवढंच बघायला मिळतं. तेही बाबांना अर्धा दिवस पुरेल. आई, सरफोजीराजांच्या काळात तंजावरात मोतीबिंदू काढत, आणि रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून, टिपणं लिहून ठेवत. दोनशे वर्षांपूर्वी! हे कळलं तेव्हा तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा तुझा फोन आठवला. तू घाबरली नाहीस असं म्हणत होतीस आणि दर दोन मिनिटांनी कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलत होतीस. मी यायला हवं होतं. रजा नव्हती हे खरं, पण मागितली असती तर मिळाली असती, हेही खरं.

त्याच वाड्यात कलादालन आहे, चोळांच्या पंचधातूच्या मूर्तींचं. तिथे एक शंकर आहे, १०११ चा, तिरुवेंकाडूला सापडलेला. पाय एकावर एक टाकून, नंदीवर हात टेकून उभा. नंदी मात्र आता नाही, हरवलाय. हात तसाच हवेत टेकलेला. काचेसमोर मी खूप वेळ उभी होते. बाबा, तुम्ही काठी घ्यायला तयार नाही, भिंतीला हात लावत लावत जिन्याशी जाता, हे दादाने मला सांगितलंय. त्याच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. देवालासुद्धा टेकायला काहीतरी लागतं. काठी आणायची. घडीची मी घेऊन ठेवली आहे, ती आवडली नाही तर घरची सागवानी आणा, पण आणायची.

बाहेरगावची ठिकाणं एका दिवशी एकच. दारासुरम पस्तीसेक किलोमीटरवर आहे, तिथलं देऊळ राजराज दुसऱ्याने बांधलेलं. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे, म्हणजे अख्खा मंडप रथ झालाय. लहान देऊळ आहे, निवांत. मला तर मोठ्या देवळापेक्षा हेच जवळचं वाटलं, कारण इथे कोरीव काम डोळ्यांच्या उंचीवर आहे, मान वर करावी लागत नाही. तिरुवैयारु जवळ, बारा-तेरा किलोमीटर. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची समाधी आहे. जानेवारीत तिथे आराधनेची गर्दी असते, आणि पोंगलच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या देवळातल्या नंदीला भाज्या-फळांनी मढवतात. ते चुकणार याचं वाईट वाटतं, पण त्या गर्दीत मी तुम्हाला नेणार नाही.

कल्लणै मी यादीत नव्हतं घेतलं. मग वाटलं, पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला करिकाल चोळाचा बंधारा न दाखवता परत आणायचं म्हणजे काय? कावेरीवरचा तो बांध पुढे इंग्रजांनी दुरुस्त केला, वाढवला, पण अजून त्यावरून पाणी वाटलं जातं. गाडी थेट जाते, चढ-उतार नाही. एक सकाळ तुमची.

आणि गंगैकोंड चोळपुरम. सत्तरेक किलोमीटर, हा सगळ्यात लांबचा दिवस. राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, वसवलेली राजधानी. आता देऊळ उरलंय आणि भोवती शेतं. त्याच्या सैन्याने गंगेचं पाणी इतक्या लांब आणलं आणि त्याने तिथे प्रचंड तलाव करवला, चोळगंगम म्हणून. आई, मी हे रामेश्वराच्या बदली सांगत नाहीये. बदली होत नाही, मला कळतं. फक्त तिथे उभी असताना तुझा गडू आठवला, म्हणून सांगितलं.

खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गरम पाणी चोवीस तास, मी नळ सोडून बघितला. गादी कडक आहे, बाबांना हवी तशी. खिडकी रस्त्याकडे नाही. सकाळी इडली, दुपारी रसम आणि दहीभात, तिखट बाजूला देतात. पोळी मात्र आपल्यासारखी नाही मिळणार, तेव्हा पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या मी करून घेते. तू करत बसू नकोस. चार डबे चिवडा आणि लाडू आणू नकोस. मेतकूट चालेल, थोडंसं.

औषधं हातातल्या पिशवीत, सामानाच्या बॅगेत नाही. पाच रात्रींची असली तरी पंधरा दिवसांची घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती, एक वहिनीकडे ठेवा. आई, काळा चष्मा उन्हात काढायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. निघायच्या आठ दिवस आधी डोळा एकदा दाखवून या. डॉक्टर नको म्हणाले तर तारीख पुढे सरकवू, तिकीट बदलता येतं, त्याची चिंता नको. बाबा, बेल्टच्या चपला घ्या, सारख्या काढा-घालायच्या आहेत, वाकावं लागायला नको. उपास आला तरी गोळी चुकवायची नाही. आणि दोघांनीही दुखलं-खुपलं तर मला सांगायचं. “तुझी सुट्टी खराब होईल” असं म्हणून गप्प बसायचं नाही. त्या शिर्डीच्या वेळेसारखं परत करू नका, मी हात जोडते.

आई, गडू बरोबर आण. तिथून परत जाताना तो माझ्या देव्हाऱ्यात राहू दे. माझ्याकडून रामेश्वर एका रात्रीच्या गाडीवर आहे, पांबनचा नवा पूलही २०२५ मध्ये सुरू झाला. तुझा डोळा पक्का झाला, बाबांच्या गुडघ्याचं काय ते ठरलं, की तू सांगशील त्या महिन्यात मी रजा टाकते, आणि यावेळी मागूनच घेते. तोवर रोज सकाळी त्याच्यापाशी दिवा लावीन. विमानतळावरच्या तपासणीत गडू उघडायला लावतील अशी मला भीती वाटते, म्हणून तो मोठ्या बॅगेत ठेवावा लागेल. मांडीवर घेता येणार नाही, याचं मलाच वाईट वाटतंय. माझी ती निळ्या काठांची दुलई असेल अजून कपाटात, तिच्यात नीट गुंडाळ. आणि ती दुलईही इकडेच राहू दे.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, गडूचं वाचून झाल्यावर आई गप्प बसली, तर मला लगेच फोन करा. कितीही वाजलेले असू देत.