मोठ्यांच्या एडीएचडीकडेही पाहा

संपादक महोदय,

मुलांच्या एडीएचडीविषयी, म्हणजे लक्ष टिकवणे अवघड जाणे, चंचलता आणि उतावीळपणा दिसणाऱ्या विकाराविषयी, हल्ली पालक बोलू लागले आहेत. मात्र तो मोठेपणीही टिकून राहू शकतो, हे अनेकांच्या गावी नसते. माझे निदान ४१ व्या वर्षी झाले. तोवर भरायला घेतलेले वीजबिल शर्टाच्या खिशातच धुतले जायचे आणि ‘वेंधळा’ हा शिक्का मी मुकाट्याने स्वीकारला होता.

मेथिलफेनिडेट हे यावरचे औषध घेतल्यावर साधारण तासाभरात मन एका जागी बसते; परंतु भूक मंदावते, झोप बिघडते आणि रक्तदाब व नाडी तपासत राहावी लागते. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात. मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते, त्यामुळे चिठ्ठीची कसून तपासणी व्हावी हे मला मान्यच आहे. पण सातपूरपासून मेन रोडपर्यंत वणवण करून चौथ्या दुकानात पोहोचल्यावर ‘हे नशेचं औषध कशाला हवं?’ असे चारचौघांत ऐकावे लागले, ते आजही सलते.

हृदयविकारासारख्या कारणांमुळे काहींना ही औषधे देता येत नाहीत. त्यांनी हताश होऊ नये. समुपदेशकाने मला कामाचे तुकडे पाडायला शिकवले. स्वयंपाकघराच्या दारावर कामांची पाटी आहे, किल्लीला एकच खिळा ठरला आहे आणि पहाटे गोदापार्कवर फेरी मारली की सकाळची कामे खरोखर मार्गी लागतात. घरच्यांनी रागावणे सोडले, याचाही वाटा मोठा आहे.

जिल्हा रुग्णालयात प्रौढांच्या तपासणीसाठी आठवड्यातील एक वार ठरवून द्यावा, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

— एक वाचक, सिडको, नाशिक