जनरल रजिस्टरचं पान ४७

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या सोमवारी शेजारच्या वहिनींबरोबर शाळेत गेले होते. त्यांच्या नातवाच्या जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद हवी होती. त्यांचे मिस्टर १९६५ च्या जूनमध्ये आमच्या शाळेत पाचवीला आले होते. ते आता नाहीत आणि त्यांचा दाखला पुरात की घर बदलताना गेला, ते कुणालाच माहीत नाही. मी त्या शाळेत ३१ वर्षं क्लार्क होते, तेव्हा माझ्या ओळखीनं उतारा लवकर मिळेल म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं.

शाळेचं नाव लिहीत नाही. साताऱ्याच्या वेशीबाहेर, हायवेच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. पूर्वी पोवई नाक्याहून चालत गेलं की मध्ये शेतं लागायची, आता दुकानंच दुकानं. हेडमास्तर वर्षभरापूर्वी आलेत, क्लार्क कंत्राटी आहे. दोघंही चांगले वागले. मी सांगतेय ती त्यांची एकट्याची चूक नाही.

क्लार्क म्हणाला, "जुनी रजिस्टरं क्रीडा साहित्याच्या खोलीत आहेत, ऑफिसात आता जागा नाही." खोली उघडली. लेझमांचा ढीग, फाटलेलं व्हॉलीबॉलचं नेट, मैदानावर रेघा मारायच्या फक्कीची अर्धी पिशवी. त्या पिशवीखाली जनरल रजिस्टर नंबर दोन. पुठ्ठा निघालेला, पाठ उसवलेली, कडेला वाळवीची माती. मी पदरानं पुसलं. वहिनींचे दीर सातवीला आणि मिस्टर पाचवीला, दोघांची नावं एकाच दिवशी घातलेली, म्हणजे नंबर लागोपाठ असणार. दीर सापडले, पान ४६ ची शेवटची ओळ. पान उलटलं तर पुढचं पान ४८. मधलं पान ब्लेडनं कापलेलं, शिवणीपाशी बोटभर पट्टी उरलेली.

क्लार्क म्हणाला, "नोंद आढळत नाही असं लिहून देतो." मी म्हटलं, बाळा, नोंद आढळत नाही आणि पान आढळत नाही, यात फरक आहे. पहिल्याचा अर्थ माणूस शाळेत आलाच नाही असा होतो. पडताळणीचं काम दिरांच्या नोंदीवरही भागेल, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्याचा पुरावा चालतो. पण वहिनी जिन्यात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हंजी हे शाळंत गेलंच न्हाईत व्हय?"

त्यासाठी हे पत्र.

ज्यांनी कधी जनरल रजिस्टर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला एक नंबर, त्यापुढे आडवी ओळ: नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. मूल शाळेतून गेल्यावर त्या ओळीत काही बदलायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हजेरीपट, फीची पुस्तकं ठरावीक वर्षांनी निकालात काढता येतात, जनरल रजिस्टर कधीच नाही. ते कायमचं जपायचं दफ्तर आहे. आम्हाला नोकरीत पहिल्या आठवड्यात हे शिकवलं जायचं.

गेली दोन-अडीच वर्षं कुणबी नोंदींच्या शोधात या वह्यांना एकदम भाव आला. शिंदे समितीच्या कामासाठी शाळाशाळांतून जुनी दप्तरं बाहेर निघाली, फोटो काढले गेले. बरंच झालं, त्यानिमित्तानं धूळ तरी झटकली. कोणाची मागणी बरोबर, कोणाची चूक, हा माझा विषय नाही. माझं म्हणणं एवढंच की सगळ्यांची नजर एकाच रकान्यावर. थुंकी लावलेला अंगठा त्या रकान्यावरून खाली सरकत जातो, पानांच्या कोपऱ्यांवर त्याचे तपकिरी डाग आहेत. काम झालं की वही जिथं हाताला लागेल तिथं. पान ४७ या धांदलीत गेलं की आधीच गेलं होतं, ते मी सांगू शकत नाही. मी २०१६ ला चार्ज दिला तेव्हा ते होतं. चार्जच्या यादीवर माझी सही आहे, 'पाने पूर्ण' असं माझ्याच अक्षरात.

बाकीच्या रकान्यांत आमच्या उपनगराचा सगळा इतिहास आहे हो. 'पूर्वीची शाळा' घ्या. १९६८ च्या जानेवारीत वर्षाच्या मध्येच मुलं आलेली दिसतात, पाटण तालुक्यातल्या शाळांतून. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, घरं पडली, मुलं मामाकडं, आत्याकडं साताऱ्याला आली. एरवी जानेवारीत कोण नाव घालतं? किंवा १९८२-८३ घ्या. मी तेव्हा नोकरीत नव्हते, पण पानं पाहिलीत. दोन पानं सलग: परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आधी बायका-पोरं गावी आली, मग माणसं. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, ही मुंबईची पोरं फाडफाड बोलायची, पण डबा उघडायला लाजायची.

'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना तर वाचवत नाही. बदलीमुळे, स्वेच्छेने, सतत गैरहजर. मुलींपुढे 'घरगुती अडचण', आणि ती अडचण म्हणजे बहुतेक वेळा लग्न. एखादी छान ओळही असते: सैनिक स्कूल, सातारा येथे निवड. १९६१ ला देशातलं पहिलं सैनिक स्कूल आपल्याकडं निघालं, त्यामुळं पाचवीतला एखादा हुशार मुलगा वर्षात जायचा आणि वर्गशिक्षक हसावं की रडावं या विचारात. १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्याकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या ओळीत लिहिलंय, 'पालकांबरोबर दुष्काळी कामावर'. आम्ही एका बाकावर बसायचो. तिची रिबीन माझ्याकडं राहिली होती.

माझी स्वतःची ओळही त्याच वहीत आहे, १९६९ ची. जन्मतारीख १ जून १९५८. आमच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला, मास्तरांच्या कृपेनं! आई म्हणायची, तू बेंदराच्या आदल्या दिवशीची, म्हणजे महिनाभर तरी पुढची. १ जूनवाल्यांना ३१ मेला निवृत्त करतात, त्यामुळं मास्तरांनी माझा महिन्याचा पगार बुडवला. असो. १९७५ ला दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली, ती आमची बॅच. आमच्या वरचे अकरावी मॅट्रिकवाले आम्हाला 'कच्चे' म्हणायचे.

आता मुद्द्याचं. आपल्याच गावात, जुन्या राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० ला एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टर नंबर १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ती ओळ टिकली म्हणून २०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मला मात्र नेहमी ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाचं वाटतं. त्या दिवशी त्याच्यापुढं सुभेदारांचा एक मुलगा उभा होता, एवढंच. पुढे कोण होणार हे बघून त्यानं शाई निवडली नाही. त्यानं १९१३ लिहिला, १९१४ लिहिला आणि १९१५ लिहिला, सारख्याच काळजीनं.

आमच्या शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं चाललंय, असं कानावर आलं. चांगलं आहे, पावसाळ्यात सातवी 'ब' मध्ये बादल्या लावाव्या लागायच्या. पण स्थलांतरात पहिला बळी दफ्तराचा जातो, हे नोकरीत दोनदा पाहिलंय. एकदा फळे, बाकं, कपाटं ट्रॅक्टरमधून गेली आणि रजिस्टरं पावसात व्हरांड्यात राहिली. निळ्या-काळ्या शाईतली पानं तरली. पुढच्या काळातली, साध्या निळ्या शाईची, धुऊन गेली. पान वाळवायला आम्ही वर्गात पंखे लावून दोऱ्या बांधल्या होत्या, मुलांना दोन दिवस सुट्टी. मुलं खूश.

म्हणून संस्थाचालकांना आणि शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. २०१५ पासूनची मुलं शासनाच्या सरल पोर्टलवर आहेत, त्यांची काळजी नाही. त्याआधीची सगळी रजिस्टरं, सगळ्या रकान्यांसकट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करा. हवं ते पान मोबाईलवर टिपून घेणं म्हणजे स्कॅन नव्हे. एक प्रत शाळेत, एक माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं. मूळ वह्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून वीतभर वर, डांबरगोळ्या घालून. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, कृपा करा. ती पाच-सात वर्षांत पिवळी पडते आणि सुटताना अक्षर घेऊन जाते. पातळ जपानी कागद आणि खळ वापरतात, ते काम पुराभिलेखवाल्यांना विचारून करता येतं. आणि उतारा मागायला येणाऱ्याच्या हातात वही देऊ नका. क्लार्कनं पाहावी, क्लार्कनं वाचावी. मागणाऱ्याला कितीही घाई असली तरी.

पान ४७ ज्यांच्याकडं असेल त्यांना एक सांगायचंय. तुम्हाला त्यातली एक ओळ हवी होती, पण त्या पानावर दोन्ही बाजूंनी मिळून वीस मुलं होती. पाकिटात घालून शाळेच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवा. पाठवणाऱ्याचं नाव लिहायची गरज नाही, कुणी विचारणार नाही. मी हेडमास्तरांशी बोलले आहे.

जुनी अक्षरं आताच्या मुलांना वाचता येत नाहीत, हे क्लार्कनं स्वतःच कबूल केलं. पहिल्या हेडमास्तरांचा 'झ' आणि 'स' मलाही वर्षभर कळत नव्हता. स्कॅनिंगच्या वेळी कुणी वाचून दाखवायला हवं असेल तर मी येते. माझ्याबरोबर दोन निवृत्त शिक्षिकाही तयार आहेत. पैसे नकोत. सकाळी अकरा ते एक आम्ही मोकळ्या असतो. भिंग आमचं आम्ही आणू, शाळेनं एक टेबल आणि चालू असलेली ट्यूबलाइट द्यावी.

आपली,
एक निवृत्त मुख्य लिपिक, सातारा

(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, कृपया छापू नये.)