वहिनीला डोंगरात यायचंय

पारोळा,
संक्रांतीनंतरचा गुरुवार

प्रिय शोभे,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितेय. फोनवर तुझ्या वहिनीचं नाव निघालं की तू लगेच "त्या घरचं माझ्यापुढे काढू नको" म्हणतेस आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला निघून जातेस. कागदापुढून उठून जाशील तरी परत यावंच लागेल. पूर्ण वाच, मग चिडायचं तर चीड.

तब्येती बऱ्या आहेत. ह्यांचं बीपी गोळीवर, माझा गुडघा आहे तसाच.

मी डोंगरात चालून आले ते तू फोटोत पाहिलंस. फोटोत न आलेलं थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून सुरू झालं. फक्त बायकांचा गट, बहुतेक जणी सलग दोन दिवससुद्धा कधी न चाललेल्या. पाटणादेवीहून निघून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडून वर पठारावर, मग अंतूर किल्ला, बनोटी, सोयगाव, वेताळवाडीचा किल्ला आणि शेवटी अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट. अभयारण्यातला भाग वनखात्याची परवानगी काढून, दिवसाउजेडी, तिथलाच वाटाड्या सोबत घेऊन. मधले डांबरी टप्पे पिकअपने, बाकी पायी, रोज बारा ते पंधरा किलोमीटर. पांघरुणं पिकअपमध्ये. पाठीवर फक्त पाणी, डबा, स्वेटर आणि आपापली औषधं. ह्यांच्या मित्राने नाक मुरडलंच, सामान गाडीत टाकून कसला ट्रेक म्हणे. मी त्याला सांगितलं, हेच बरोबर आहे. पहिल्यांदा चालणाऱ्या बाईच्या पाठीवर दहा किलो चढवलं तर ती दुसऱ्या दिवशी एसटी धरेल आणि पुन्हा कधी बूट घालणार नाही.

आमची पुढारी जळगावची, सगळ्या तिला ताई म्हणायच्या. वयाने आपल्या पोरींएवढी, पण शिस्त तुझ्या माईंसारखी. सगळ्यात हळू चालणारी बाई सगळ्यांच्या पुढे, तिच्या चालीने बाकीच्या. सगळ्यात मागे एक नर्स, तिच्या मागे कोणीही राहायचं नाही. तासाभराने दहा मिनिटं बसायचं, दम लागला नसला तरी. आणि संध्याकाळी बूट-मोजे काढून ओळीने पाय दाखवायचे. ताई बॅटरी घेऊन एकेकीची बोटं फाकवून बघायची. जिथे कातडी नुसती लाल झालेली दिसली तिथे फोड यायच्या आधीच पट्टी. शोभे, माझे पाय असे कोणी हातात घेऊन बघितल्याचं मला आठवत नाही. बाळंतपणातही नाही.

आणि एक नियम होता, जेवताना वाढायला कोणी उठायचं नाही. स्वयंपाकाला बनोटीकडची माणसं होती. शेवभाजी, दादर ज्वारीची भाकर, ठेचा. एरंडोलच्या एक बाई पहिल्या रात्री तीनदा उठल्या, तीनदा ताईने बसवलं. शेवटी त्या रडायलाच लागल्या, हातात ताट घेऊन. दुसऱ्या रात्री मात्र त्यांनी भाकर मागून घेतली आणि "जरा गरम द्या" म्हणाल्या.

अंतूरच्या वाटेवर निजामशाहीतला एक दगड उभा आहे. कोणत्या दिशेला कोणतं गाव ते त्याच्यावर फारसीत कोरलंय. त्याला टेकून पाणी पीत होते तेव्हा मनात आलं, या वाटेने फौजा गेल्या, व्यापारी गेले, लग्नाची वऱ्हाडं गेली असतील. पण नुसतं चालायचंय म्हणून निघालेली बाई कधी गेली असेल का? ताईला विचारलं तर ती म्हणाली, आज गेल्या ना.

आता मुद्द्यावर येते.

परत आल्यावर दुसऱ्या संध्याकाळी तुझी वहिनी आली. ओट्यावर माझे बूट वाळत होते. तिने एक उचलला, उलटा केला, तळ अंगठ्याने दाबून पाहिला. मला वाटलं किंमत विचारेल. तर म्हणाली, "माले बी लई चाल ना वं मंदा." मलाही घेऊन चल, म्हणे!

तुला कळतंय ना मी काय सांगतेय? त्या घरात आल्यापासून या बाईने 'मला पाहिजे' असं काही मागितलेलं तू ऐकलंयस का? लुगड्याचा रंगसुद्धा माई निवडायच्या. तुझा दादा गेला तेव्हाही "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच. आणि वाटणीच्या वेळी तू तिच्यावर चिडलीस तेही ती बोलली नाही म्हणूनच. (त्यावर माझं मत आता लिहूनच टाकते. विहिरीच्या पाण्याची पाळी दादाने मोडली, तिने नाही. तुझं म्हणणं बरोबर होतं, माणूस तेवढा चुकीचा धरलास. झालं, आता वाच पुढे.)

मी हो म्हटलं. चार दिवसांनी बाळू आला. पोरगा चांगलाच आहे, खताच्या दुकानातून तसाच आला होता, हात धुऊन बसला. म्हणाला, मावशी, आईला शुगर आहे, डोंगरात काही झालं तर? मी म्हटलं, बरोबर विचारतोयस. मग हळूच म्हणाला, आणि लोक दुकानावर विचारतात, तुमच्या आईला आता या वयात हे काय. तिथे मात्र मला राहवलं नाही. अरे, दरवर्षी चैत्रात तुझी आई दीडशे किलोमीटरच्या वर चालत सप्तशृंगीच्या गडावर जाते! धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी, भर उन्हात, डांबरावरून, आणि अनवाणी. तेव्हा तू हायवेवर हार घालून निरोप देतोस. तेव्हा शुगर कुठे जाते? तो म्हणाला, "मावशी, ते देवीचं आहे." यावर काय बोलणार? देवीचं आहेच. मीही त्या वाटेने गेलेय, तुझ्याच सोबत. निदान देवळ्यापर्यंत तुझ्या सोबत, कारण पुढे तू दुधाच्या गाडीत चढलीस आणि मला हात करून गेलीस. तुझं म्हणणं मीच तुला बस म्हटलं. मी म्हटलेलं नाही. हा वाद मी मरेपर्यंत सोडणार नाही.

पण मला जे बोचतंय ते हे की बाई देवासाठी निघाली तर गाव पाणी पाजतं, कलिंगड कापून देतं, पाया पडतं. तीच बाई तेवढीच, खरं तर त्याहून कमी, स्वतःच्या मनासाठी चालते म्हणाली तर तिला वेड लागलेलं असतं. आणि गंमत बघ, देवीच्या वाटेवर तिचे पाय बघणारं कोणी नाही. पुढे ट्रॅक्टरवर डीजे, मागे जीपमध्ये पाण्याचे जार. जिथे कोणी रोज बॅटरी लावून बोटं तपासणार आहे तिथे जायचं नाही.

ताईच्या फॉर्ममध्ये शुगरवाल्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणून बाळूला सांगून मी वहिनीला धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक धागा काढला. तो तळपायाला टेकवला की तो वाकेपर्यंत दाब पडतो, दहा ग्रॅमचा. लागला की 'हो' म्हणायचं. शुगरने पायाच्या नसा गेल्या असतील तर तो कळत नाही. वहिनी प्रत्येक वेळी "हो" म्हणत होती. अंगठ्याखाली, हो. करंगळीखाली, हो. मला बरं वाटायला लागलं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, धागा वरच धरला, कुठेही टेकवला नाही, आणि विचारलं, "आता?"

ती म्हणाली, "हो."

परत धागा न टेकवता विचारलं. परत हो.

शोभे, मी भिंतीकडे तोंड केलं. तिला यायचंय म्हणून ती सगळ्याला हो म्हणत होती. जिने जन्मभर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं, ती स्वतःसाठी पहिल्यांदा खोटं बोलली, तेही डोळे मिटून. डॉक्टर समजूतदार होते, रागावले नाहीत. पुन्हा नीट तपासणी केली. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली आणि चवड्याला तिला काहीच कळत नाही. डावा बरा आहे.

डॉक्टरांनी 'नाही' म्हटलं असतं तर मी तुला हे लिहिलंच नसतं. त्यांनी चालायला हो म्हटलं. अटी सांगितल्या. पुढे रुंद असलेले बूट, आतून शिवण न टोचणारे मोजे, बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा, सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या कोणीतरी पाय तपासायचे, कारण फोड आला तर तिला दुखणारच नाही आणि ती त्याच्यावर चालत राहील. दिवसभर चालल्यावर साखर उतरते, म्हणून मोजायचं यंत्र आणि ग्लुकोज खिशात. सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. गोळीची वेळ कशी ठेवायची ते तेच ठरवून देणार. मग त्यांनी विचारलं, अनवाणी चालता का? वहिनी म्हणाली, नाही. मी म्हटलं, चालते, दरवर्षी गडावर. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, डोंगराचं नंतर बघू, ते आधी बंद. घरातसुद्धा चप्पल. डांबराने पाय भाजला तरी यांना कळणार नाही, आणि जखम चिघळली तर बोट जाऊ शकतं, पायही.

एसटीत ती फागण्यापर्यंत बोलली नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "डोंगर ऱ्हाऊ दे. पन मना गड बंद करू नको." आणि हेही, "बाळूले सांगू नको."

आता सांग, मी काय करू? बाळूला सांगितलं तर तो दोन्ही बंद करेल, तिला ओट्यावर बसवेल, आणि तीही "तू म्हणशील तसं" म्हणून बसेल. नाही सांगितलं तर चैत्र काही लांब नाही. रात्री झोप लागत नाही. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, दुसऱ्याच्या घरात पडू नको. दुसऱ्याचं घर! त्या घराच्या कोठीत आपण दोघी लपून बिबडे खाल्लेत.

म्हणून तुला लिहितेय. तो नवस बोलला गेला तेव्हा फक्त तू तिथे होतीस. बाळूला मेंदूज्वर झाला होता, धुळ्याच्या दवाखान्यात, रात्री तू आणि ती व्हरांड्यात. मी घरी परीक्षेचा अभ्यास करत होते. वहिनी आता सांगते की ती बोलली, जोपर्यंत पाय शेतस तोपर्यंत अनवाणी येसू. पण तू घरी आल्यावर मला सांगितलेलं मला वेगळं आठवतं. "मी पायी येसू", एवढंच ती बोलली होती, आणि अनवाणीचं माईंनी दुसऱ्या दिवशी त्यात घातलं, असं तू सांगितलं होतंस. नक्की काय ते तूच सांगू शकतेस. मला बरं वाटावं म्हणून लिहू नको. तिला खोटी साक्ष लगेच कळेल, देवीच्या बाबतीत तर लगेचच. जे ऐकलंस तेच लिही. ती खरंच अनवाणी बोलली असेल तर मी तिच्यासोबत गडावर जाऊन ओटी भरीन, आणि तिथल्या पुजाऱ्यांनाच विचारू, बूट घालून यायचं आणि पहिल्या पायरीशी काढायचे हे चालेल का. मला खात्री आहे ते हो म्हणतील. पण विचारायला हवं, तिचं समाधान त्याशिवाय व्हायचं नाही.

आणि दुसरं, बाळूला तू सांग. फुईचा शब्द तो मोडत नाही, आणि वहिनीने मला सांगू नको म्हटलंय, तुला नाही. धाग्याचं सगळं सांग, न टेकवता हो म्हणाली तेही सांग. त्याला कळायला हवं की आईला काय हवंय. पाय बघायला सून शिकेल, पोरगी हुशार आहे.

ताईशी मी बोलले. फेब्रुवारीच्या शेवटी एक गट निघतोय, पण तोवर आपल्याकडे ऊन चटका देतं, पाय बधिर असलेल्या बाईला त्यात घेणार नाही म्हणाली. मार्गशीर्षात नक्की घेईन, तोवर तयारी करा. वहिनीला हे सांगितलं तर म्हणाली, "पुढलं वरीस कोनी देखं शे?" तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दारात उभी, पायात माझे जुने बूट. तेव्हापासून रोज किल्ल्याला वळसा घालतो. माझ्या पुढे चालते. परत आल्यावर मी तिचे पाय बघते. पहिल्या दिवशी लाजून ओढून घेत होती, आता स्वतःच पुढे करते.

तुझं काय? सुनेला कितवा महिना, डिंकाचे लाडू पाठवू का? भावजींची बदली रद्द झाली का? घराचा रंग पिवळा देऊ नको, उन्हात डोळे दुखतात.

रविवारी दुपारी बाळू दुकान बंद करून घरी असतो, तेव्हाच फोन कर. पण त्याआधी, शनिवारपर्यंत, व्हरांड्यातलं मला कळव. आणि फोन झाल्यावर वहिनीला द्यायला सांग. ती तुझ्याशी बोलायला घाबरेल, तूच आधी बोल.

तुझी,
मंदा