आमेडच्या त्या दोघांना

बालीच्या पूर्व टोकाला आमेड आहे. आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याचं कोळ्यांचं गाव, काळी वाळू, आणि किनाऱ्यावर ओळीनं ओढून ठेवलेल्या जुकुंग होड्या. आमच्याकडच्या उलांडीच्या (तोल सांभाळायला होडीच्या बाजूला बांधलेल्या लाकडाच्या) होडीसारख्याच, पण उलांडी दोन्ही बाजूंना. त्या बघण्याच्या नादात आईचा पाय काळ्या दगडांवरून घसरला आणि घोटा टम्म सुजला.

जाळं आवरत बसलेले दोघं धावत आले. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. त्यांनी आईला खुर्चीसकट उचलून घरी नेलं. घरातल्या आजींनी बर्फ लावला, वर भात आणि तळलेला मासा वाढला. (तिखट मात्र आपल्याला हरवेल असं!) खुणांनीच त्यांनी सांगितलं, 1963च्या उद्रेकात या डोंगरानं कसा हाहाकार माजवला होता ते. पैसे पुढे केले तर आजी चक्क रागावल्या. निघताना तिथलं, माडाच्या पोखरलेल्या खोडात वाळवलेलं मीठ पुडीत बांधून दिलं.

नावं विचारायची राहूनच गेली. आई आता चालते. मीठ पुरवून पुरवून वापरतोय. मातुर सुक्स्मा (तुमच्या भाषेत, मनापासून आभार), दादांनो. आजी, तुम्हालाही.