गाऊट दुखायचा थांबला म्हणजे गेला नाही

संपादक महोदय,

आमच्या काकांना १० वर्षं गाऊट, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून होणारा सांध्यांचा आजार, पायाचा अंगठा रात्रीतून टम्म सुजायचा, चादर लागली तरी ओरडायचे, मग मेडिकलमधनं पेनकिलर आणायची आणि चार दिवसांनी परत पंचवटीत फिरायला मोकळे. आता एक्स-रेत अंगठ्याचं हाड उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय, कोपरावर गाठी आल्यात. डॉक्टर म्हणाले दुखत नव्हतं तेव्हाही सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचतच होते, आणि जितकी जास्त वर्षं युरिक ॲसिड चढं राहतं, जितके जास्त अटॅक आणि गाठी, तितकं सांध्याचं वाटोळं जास्त. किडनी कमजोर, वजन जास्त, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आणि वर बीअर, मग युरिक ॲसिड वाढणारच ना. घरी मात्र सगळा राग बिचाऱ्या तूरडाळीवर निघाला, मटण चालूच!

रक्तातलं युरिक ॲसिड ६ mg/dL च्या खाली, गाठी असतील तर ५ च्या खाली ठेवायचं असतं, त्यासाठी ते कमी करणारी गोळी रोज लागते. सुरुवातीचे काही महिने त्या गोळीनेही अटॅक येऊ शकतो हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून काकांनी ती दोनदा सोडली. आता तिसऱ्यांदा सुरू केलीय.

– एक वाचक, नाशिक