चढ सरळ, उतार म्हशीच्या वाटेनं

शहापूर, बेळगाव
२८ सप्टेंबर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात हिमालयातला केदारकंठा ट्रेक करायचा, आणि तयारी म्हणून सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर चालतोयस, हे वाचून आमच्या घरात सगळे हसले. मी हसलो नाही. मे महिन्यापर्यंत मीही इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज पाच चकरा मारून स्वतःला पैलवान समजत होतो.

दिवाळीला दहा दिवस येणार म्हणतोस, तेवढ्यात दम काढणारे चढ कुठले ते विचारलंयस. दहा दिवसांत दहा डोंगर करायचं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक. फिरणं होईल, फोटो होतील, खरं पाय तयार होणार नाहीत. एकच डोंगर धर आणि त्यालाच परत परत जा. माझ्या बाबतीत तो काकतीचा.

हायवेनं कोल्हापूरकडे निघालं की डाव्या-उजव्या बाजूला बघत बसायच्या आत काकती येतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर म्हणून आपण शाळेत शिकलो तेच. वरच्या पडक्या गढीकडे आपण लहानपणी कधी फिरकलो नाही, कारण तिथे भेळ मिळत नव्हती. डोंगर उंच नाही. वाट मात्र वळणं घ्यायची तसदीच घेत नाही, पाण्याचा ओघळ जसा खाली आलाय तशीच ती सरळ वर जाते. पहिल्या दिवशी मी चार वेळा थांबलो आणि चारही वेळा बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. बघायला कुणी नव्हतं, तरी केलं.

चढण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं चढ. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की वेग कमी कर. तुझ्या त्या घड्याळाचे आकडे हवेच असतील तर २२० मधून वय वजा कर, म्हणजे आपल्या सत्तेचाळिशीला मिनिटाला जास्तीत जास्त १७३ ठोके. हा ढोबळ हिशेब आहे, त्याच्या जवळपास नाडी बराच वेळ ठेवायची नाही, एवढंच लक्षात ठेव.

आता मी पडलो ते ऐक.

मे महिन्याचा तिसरा रविवार. वर जाऊन आलो या खुशीत सरळ वाटेनं खाली निघालो. आपल्याकडचा वाळलेला मुरूम तुला आठवतोय ना? ज्वारीच्या दाण्याएवढे तांबडे खडे, खाली जांभ्याचा कातळ, म्हणजे फरशीवर दाणे सांडल्यासारखंच. उजवी टाच सरकली. हाताला जे लागलं ते धरलं, ते नेमकं करवंदीचं झुडूप. बसलो तसाच दोन पुरुष उंचीइतका खाली घसरत गेलो. तळहातात काटे, पँटीला मागं खिडकी, आणि तोंडावर कसं कोण जाणे एक पिकलेलं करवंद फुटलेलं. खाली म्हशी चारणारा एक म्हातारा उभा होता. मला वाटलं हात देईल. तो म्हणाला, "सरळ कशाला उतरालास रे? म्हशी बघ की."

बघितलं. म्हशी सरळ उतरतच नव्हत्या. डोंगराला आडव्या तिरक्या जात होत्या, थोडं पुढे जाऊन वळत होत्या, पुन्हा तिरक्या. त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा आख्ख्या उतारावर होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीखाली एक. मी तीन रविवार त्याच उतारावर होतो आणि मला त्या दिसल्याच नव्हत्या.

तेव्हापासून नेम असा: चढायचं सरळ ओघळीनं, उतरायचं म्हशींच्या वाटेनं. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. चढताना मांडीचा स्नायू आकसून काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि त्या ब्रेक लावण्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. म्हणून चढून आल्यावर दम लागतो आणि उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासात बसता येत नाही. (हे मी अनुभवानं लिहितोय. तेव्हा आमच्याकडे कमोड नव्हता, आता आहे.) यातली चांगली गोष्ट अशी की एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तितका दुखत नाही. आल्या आल्या पहिल्याच दिवशी एक बेताचा उतार घे, मग तीन-चार दिवस दे, मग पुन्हा. डोंगर तोच ठेवायचा तो यासाठी. मागच्या खेपेपेक्षा किती कमी दुखलं ते कळायला उतार तोच हवा.

दुसरी युक्ती पाण्याची. सॅकमध्ये वजन म्हणून विटा भरू नकोस, पाण्याच्या बाटल्या भर. सहा लिटर म्हणजे सहा किलो. वर गेलास की प्यायचं तेवढं ठेव आणि बाकीचं एखाद्या रोपट्याला घाल. चढताना वजन, उतरताना गुडघ्यांना सुट्टी.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत लांब चाल हवी असेल तर वैजनाथाला जाऊ. वेंगुर्ला रोडनं शिनोळी, तिथून देवरवाडी. गाडी तिथेच लावू आणि पायी निघू. वैजनाथाचं आणि आरोग्य भवानीचं दर्शन घेऊन वर महिपाळगड. गडावर आख्खं गाव नांदतंय, त्यामुळे तिथे चहाची अडचण नाही. बेळगावात नाश्ता, चंदगड तालुक्यात घाम आणि दुपारच्या जेवणाला परत बेळगावात. कुणाचा तालुका कुठल्या राज्यात, हा वाद पोटऱ्यांना कळत नाही.

राजहंसगडाला नको. म्हणजे जाऊ, खरं व्यायाम म्हणून नको. डांबरी रस्ता पार वर गेलाय, रविवारी गाड्यांची रांग असते. २०२३ च्या मार्चमध्ये महाराजांच्या पुतळ्याचं आठवड्याच्या आत दोनदा उद्घाटन झालं, दोन वेगवेगळ्या पक्षांकडून, तेव्हापासून तर जत्राच आहे. येळ्ळुरातून भल्या पहाटे पायी निघालास तर शेवटचा चढ बरा लागतो. सिद्धेश्वराच्या देवळात टेकायचं आणि ऊन चढायच्या आत उतरायचं.

आणि भीमगडाचं नाव काढू नकोस. २०११ पासून ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. अस्वलाशी गाठ पडली तर नाडी २२० वजा वय वगैरे काही मोजायला थांबणार नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस रेंगाळला तर ऑक्टोबरातही जळवा असतात.

एक मात्र आपले डोंगर तुला देऊ शकत नाहीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, आणि केदारकंठा साधारण १२,५०० फूट, म्हणजे ३,८०० मीटर. विरळ हवेचा त्रास २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्याची सवय काकतीला होणार नाही. पाय तयार असले म्हणून तिथे गेल्यावर पळत सुटू नकोस. डोकं दुखायला लागलं तर तोंड मिटून सहन करू नकोस, बरोबरच्यांना सांग.

वजन कमी होईल का, विचारलंयस. हिशेब सांगतो, रडू नकोस. तू ऐंशी किलोचा. समज अडीचशे मीटर चढलास, तर त्या चढाला शरीर जेमतेम दोनशे कॅलरी खर्च करतं. तेवढा कुंदा तू आमच्या घरात पाऊल टाकल्यावर उभ्या उभ्या खातोस. आणि मंडळी मांडे आणायचं म्हणतायत.

बूट नवे घेऊ नकोस. मी घेतले, अर्धा नंबर मोठे. दुकानदार म्हणाला होता, सैल बरे असतात. उतरताना पाय पुढे सरकून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, डावं अजून पूर्ण आलेलं नाही. जुने, सवयीचे आण. उतरायच्या आधी घोट्याशी नाडी आवळून बांधू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गाडीचं तिकीट काढलंस की फोन कर, स्टेशनवर येतो. आणि नखं कापून ये.

तुझाच,
अप्पा